आठ नंबरचं बटण

आबा रस्ता ओलांडताना उजवा हात वर करायचे. गाड्या थांबाव्यात म्हणून नव्हे. बाजाराच्या चौकात उभं राहून, बोट रोखून, मोठ्यानं म्हणायचे, "डावीकडून मोकळं! उजवीकडून टेम्पो!" टेम्पो गेला की, "मोकळं!" आणि मग चालायला लागायचे. मी सोबत असले तर तेच मला परत म्हणायला लावायचे. जन्मभर घाटात इंजिन चालवलेला माणूस. तिथे दोघं असतात, एकानं सिग्नल वाचला की दुसऱ्यानं तो हात करून मोठ्यानं परत वाचायचा. एकाचे डोळे फसतील, दोघांचे एकदम फसणार नाहीत, असा हिशोब. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानासमोर उभं राहून "मोकळं!" असं ओरडताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. त्यांना मी आबा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. नातं कुठेच जुळत नव्हतं, पण आमच्या परंदवडीला वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. माझं काम फोनवरचं. मळवलीच्या बाजूचे बंगले शनिवार-रविवार पाहुण्यांना देणारा एक माणूस होता, त्याच्याकडे येणारे फोन मी घ्यायचे. पूल आहे का, मोठ्यानं गाणी लावली तर चालतील का, चौदा जण आहोत, दोन लहान मुलं मोजायची का. कानात इअरफोन घालून दिवसभर हेच. फोनवर मी अगदी पुणेरी बोलायचे, फोन ठेवला की परंदवडीची. आबांना याचं फार हसू यायचं. "दोन तोंडाची हाईस तू," असं म्हणायचे.

खोली घेतली तेव्हा आईनं भाड्याच्या आधी त्यांचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती भाडं विचारायचंच विसरली आणि म्हणाली, "पानी तरी येतं का नळाला?" पुढे हीच आई बुद्धपौर्णिमेला मावशींच्या घरची खीर वाटीभर मागून घ्यायची, पण तो निराळा विषय.

मला आबांची भीती वाटायची आणि आबांना सगळ्याचीच. गॅस बंद केला की "बंद" असं मोठ्यानं म्हणायचं, ऐकायला कुणी असो नसो. कडी लावली की "लागली". मी एकदा कडी लावून मुकाट निघून गेले, तर ते स्टेशनपर्यंत मागे आले. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "लागली?" मी म्हटलं, "लागली." "मंग म्हन की तसं," म्हणाले आणि माघारी गेले. हा माणूस सतत कशाची तरी वाट पाहतोय असं वाटत राहायचं. पंधरा दिवसांत मीही वाट पाहायला लागले. चहा उतू जाईल, कुणी पडेल, काहीतरी होईल. ज्या घरात एक जण कायम दचकलेला असतो तिथे बाकीचे फार दिवस निवांत राहू शकत नाहीत.

ते कशाला भीत होते ते मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. मावशींना लकवा मारलेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या बाजूतही जोर उरला नव्हता; हाताचा अंगठा तेवढा नीट चालायचा आणि डोळे. डोळे असे की भाजीत मीठ जास्त पडलं तर वाढणाऱ्याला पहिल्या घासालाच कळावं. हो म्हणायचं असेल तर डोळे एकदा मिटायच्या, नाही म्हणायचं तर सरळ रोखून बघायच्या. झटका आला तेव्हा आबा परसात पपईला पाणी घालत होते, वीस पावलांवर. आत आले तेव्हा त्या जमिनीवर होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वेळ झाला? आबांना सांगता आलं नाही. पाच मिनिटं की पाऊण तास, काहीच ठाऊक नव्हतं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो आला तर आपल्याला मिनिट कळलंच पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी आबा जगत होते.

त्यांच्या पुतण्यानं उशाशी घंटी लावून देतो असं सुचवलं, तर त्याच्यावर उखडले. "घंटी वाजवायला मानूस शुद्धीवर पायजे. बेशुद्ध पडली तर कोन वाजवनार, तुजा बाप?" मग मला समजावून सांगितलं. इंजिनात एक बटण असतं. ड्रायव्हर जागा आहे हे त्यानं थोड्या थोड्या वेळानं काहीतरी करून दाखवायचं असतं. नाही दाखवलं तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, मग ब्रेक लागून गाडी जागच्या जागी थांबते. "गप्प बसलेला मानूस ठीक हाय असं इंजिन कदी धरून चालत न्हाई. मानसंच धरून चालत्यात."

तर मावशींनी दर दहा मिनिटांच्या आत एक बटण दाबायचं. दाबलं नाही की भोंगा.

पुतण्याचा जुना संगणक घरात पडून होता. नेहमीची विंडोज त्याला झेपेना म्हणून पुतण्यानं त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं आणि तो भाजे गावी आपल्या घरी निघून गेला होता. आबांनी पुण्याहून एक खेळांचा माऊस आणला, पोरं गेम खेळायला घेतात तसला, कडेला अंगठ्याजवळ दोन जादा बटणं असलेला. ती बटणं उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी असतात आणि मावशींचा उजवा हात तर गेलेला. म्हणून आबांनी लाकडाच्या ठोकळ्याला खाच पाडून माऊस त्यात कुशीवर निजवला. जादा बटणं वर आली, मावशींच्या डाव्या अंगठ्याखाली.

पण लिनक्सला ती बटणं ओळखू येतात की नाही हेच आधी कळेना. आबांनी महिनाभर कागद छापून आणून वाचले. इंग्रजी जेमतेम, पण इंजिनाची पुस्तकं इंग्रजीच होती, त्या हिमतीवर. शेवटी त्यांना एक छोटी खिडकी सापडली. ती उघडून माऊसचं कुठलंही बटण दाबलं की त्याचा नंबर दिसायचा. आबा खुर्चीत बसून एकेक बटण दाबत मोठ्यानं वाचायचे आणि मी मागून परत म्हणायचे. डावं एक, मधलं दोन, उजवं तीन. चाक वर चार, खाली पाच. चाक आडवं सहा आणि सात. अंगठ्याची दोन, आठ आणि नऊ.

"चाकाला बटनाचा नंबर? चाक काय बटन हाय व्हय?" हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

एक ते सात त्यांनी बंद करून टाकली, कारण तळवा चुकून टेकला तर काम बिघडायला नको. नऊ नंबरही बंद. फक्त आठ जिवंत. सगळी बटणं चालू ठेवली तर मावशींना सोपं जाईल असं मी सुचवलं होतं. आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी गाडी रुळावरून उतरवायला निघाले होते. "हात नुसता पडला तरी बटन दाबलं जाईल. ते खोटं हिरवं. खोट्या हिरव्यापरीस लाल बरं."

भोंगा त्यांनीच मोबाइलवर रेकॉर्ड केलेला होता, घाट चढणाऱ्या मालगाडीच्या इंजिनाचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा माझ्या हातातली ताटली पडली आणि परसातले कावळे उडाले. शेजारच्या बंगल्यावर आलेले पाहुणे विचारायला आले, इथून गाडी जाते का? रात्री मात्र संगणक बंद असायचा. आबा आपल्या आणि मावशींच्या मनगटाला एक दोरी बांधून झोपायचे.

मावशी दाबायच्या. सकाळी सात ते रात्री नऊ, दर दहा मिनिटांच्या आत. प्रत्येक दाबाची वेळ संगणकात नोंदली जायची आणि संध्याकाळी आबा चष्मा लावून ती नोंद वाचायचे. चार मिनिटं, नऊ मिनिटं, सहा मिनिटं. एखादं साडेनऊ दिसलं की मावशींकडे बघायचे. दुपारी मावशींचा डोळा लागला की भोंगा वाजायचा, त्या दचकून जाग्या व्हायच्या आणि अंगठा आपोआप बटणावर जायचा. मला ते बघवत नव्हतं. बोलायची छाती मात्र नव्हती.

मग आषाढातला तो दिवस आला. आबांना औषधं आणायला पुण्याला जायचं होतं. "दुपारी तीनच्या आत येतो. तवर तू ड्रायव्हर," असं सांगून गेले. मी सुट्टी टाकली नव्हती, फोन घेतच मावशींच्या खोलीत बसले. अकराच्या सुमाराला वीज गेली. संगणक बंद, भोंगा बंद. पंधरा मिनिटांनी वीज आली, सगळं आपोआप सुरू झालं आणि बरोबर दहा मिनिटांनी भोंगा बोंबलायला लागला. मावशी बटण दाबत होत्या. पुन्हा पुन्हा दाबत होत्या, नख पांढरं पडेपर्यंत. भोंगा थांबेना.

मी आबांना फोन लावला. "आबा, बटन लागत न्हाई!"

"ती कशी हाय?"

"ठीक हायत. बघत्यात."

"बघत्यात म्हंजे काय? रंग कसा हाय? श्वास?"

"आबा, समदं ठीक हाय, बटन तेवढं लागत न्हाई!"

भिंतीवर त्यांच्या हातचा कागद चिकटवलेला होता. संगणक सुरू झाल्यावर बटण चालेना तर कुठली ओळ टाइप करायची ते त्यात लिहिलेलं: आधी माऊसला संगणकानं दिलेला नंबर, मग नऊ बटणांचे आकडे, बंद असलेल्यांना शून्य. मी एकेक अक्षर वाचत टाइप केलं. काही झालं नाही. परत टाइप केलं. परत काही नाही. घाईत दोनदा शेवटचं शून्य राहिलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नंबर काय टाकलास माऊसचा?" आबांनी विचारलं.

"कागदावर हाय तोच. अकरा."

"कागदावरचा!" फोनवरसुद्धा त्यांचा श्वास ऐकू आला. "इंजिन शेडात जाऊन आलं की पुढची नंबरप्लेट वाचायची असती, कागद न्हाई. लिस्ट बघ, आत्ता कुटला नंबर हाय."

यादी काढली. घरात माऊस दोन होते, एक साधा आणि एक मावशींचा. वीज जाऊन आल्यावर लिनक्सनं त्यांचे नंबर उलटसुलट दिले होते. मावशींचा आता बारा, आणि भोंग्याचा प्रोग्राम आपला साध्या माऊसकडे कान लावून बसलेला. मी बारा टाकलं. मावशींनी दाबलं. भोंगा थांबला.

"आठ नंबर दिसला?"

"आठ!"

"परत म्हन."

"आठ, आबा, आठ!"

मी रडत होते. ते म्हणाले, "किती मिन्टं बटन बंद व्हतं ते लिव्हून ठेव," आणि फोन ठेवला. घरी आल्यावर त्यांनी नंबराच्या जागी त्या माऊसचं नाव टाकून दिलं, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. पण त्याआधी मी जे केलं ते सांगायला हवं.

भोंगा थांबल्यावर मावशी गळून गेल्या होत्या. त्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ते 'हो' नव्हतं. मला जे कळलं ते बरोबर होतं की नाही हे आजही सांगता येणार नाही, पण मी म्हटलं, "झोपा मावशी. मी दाबते." ठोकळा माझ्या मांडीवर घेतला. दर नऊ मिनिटांनी मी दाबायचे आणि मधल्या वेळात त्यांच्या छातीकडे टक लावून बघत राहायचे. त्या घोरायला लागल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांचं घोरणं दिवसा कधी ऐकलं नव्हतं. सव्वादोन तास त्या झोपल्या आणि सव्वादोन तास मी भीत राहिले.

संध्याकाळी आबा नोंद वाचायला बसले. मी भाकऱ्या थापत होते. मग हाक आली.

"हे बग. नऊ, नऊ, नऊ, नऊ. ही चाल तिची न्हाई."

मी खोटं बोलणार होते. जीभ उचललीही होती. पण त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगून टाकलं. "मी दाबत व्हते. त्या झोपल्या व्हत्या."

"तू खोटं हिरवं दिलंस."

"व्हय."

आता खोली सोडायला सांगतील, असं मला वाटलं. सामान कसं न्यायचं इथपर्यंत माझ्या मनात येऊन गेलं. पण आबा मावशींकडे वळले. "झोप लागलीवती?" मावशींनी डोळे मिटले. "बरं वाटलं?" पुन्हा मिटले. आबा लहान पोरासारखे रडले. आपण बायकोला इंजिनावर बसवून ठेवलंय आणि तिला उतरायचं आहे का हे एकदाही विचारलं नाही, असं काहीबाही म्हणत होते. मी भाकरी करपवली.

दुसऱ्या दिवशी ठोकळा आबांच्या खुर्चीशी आला. आता बटण त्यांनी दाबायचं. पलंगासमोर बसायचे, दर दहा मिनिटांच्या आत मावशींकडे बोट करायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "श्वास हाय. रंग ठीक." मग आठ नंबर. आपल्याच डोळ्यांना डुलकी लागली तर उठवायला भोंगा होताच. मावशी दुपारच्या झोपायला लागल्या, गालावर जरा मांस आलं. आबा मात्र वाळत चालले. परसात जाणं बंद, बाजार बंद. पपईचं झाड मीच बघायचे.

डुलकी त्यांना लागायचीच. पहिल्या तीन-चार वेळा भोंगा झाला तशी मी धावत गेले. प्रत्येक वेळी आबा ओशाळे होऊन बटणावर हात ठेवत म्हणायचे, "डोळा लागलावता." कधी न्हाणीघरात असायचे. पुढे पुढे मी उठायचे नाही. वाजायचा, अर्ध्या मिनिटात थांबायचा. त्या आवाजानं माझं दचकणं बंद झालं आणि खरं सांगते, मला त्याचं समाधान वाटलं. इतक्या दिवसांनी मी त्या घरात न भिता बसले होते.

तो शनिवार होता. दुपारी एक बाई फोनवर होत्या, मळवलीचा मोठा बंगला हवा होता, चौदा जण. भोंगा वाजला. बाई म्हणाल्या, "कसला आवाज आहे?" मी पुणेरी आवाजात म्हटलं, "शेजारी काम चाललंय हो." थांबेल म्हणून मी बोलत राहिले. त्यांनी स्वयंपाकघर विचारलं, सांगितलं. पार्किंग विचारलं, सांगितलं. भोंगा थांबला नव्हता. ते मला ऐकू येत होतं. आबा न्हाणीघरात असतील असं मी मनाशी म्हटलं, आणि ते मला पटलंही. बाईंना बंगला पक्का करून दिला, आभार मानले आणि मग इअरफोन काढला. सात मिनिटं.

आबा खुर्चीतच एका कुशीला कलले होते. तोंड वाकडं झालं होतं, ठोकळा पायाशी पडलेला. मावशींचा डावा हात कसाबसा पलंगाच्या कडेपर्यंत सरकत आलेला होता, बोटं ठोकळ्याच्या वायरच्या वीतभर अलीकडे. त्यांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना तळेगावला नेलं. आबा त्यानंतर आठव्या दिवशी गेले. सात मिनिटांनी काही फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी ते शुद्धीवर होते. जीभ जड होती पण बोलणं समजत होतं. पुतण्या मावशींना चाकाच्या खुर्चीत घालून भेटायला घेऊन आला. आबांनी आधी त्यांना नीट पाहून घेतलं. बोट उचललं नाही, ओठ हलले. रंग ठीक, असंच म्हणाले असणार. मग माझ्याकडे बघितलं.

"भोंगा... वाजला?"

"व्हय आबा."

"किती मिन्टात आलीस?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"लगेच," मी म्हटलं. "वाजला तशी आले."

आबांच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती सैल झाली. इतकं निर्धास्त मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मावशींकडे वळून हळूहळू म्हणाले, "बग. चालतंय. बरं झालो की... परत लावू. पोरगी हाय."

मावशींनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे सरळ रोखून बघत राहिल्या. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं.